उकिरड्यावरचे पाच दिवे

उकंडराव हे नाव ऐकलं की परमुलखातली माणसं आधी गालातल्या गालात हसतात आणि मग ओशाळतात. मोताळ्याच्या बँकेत नवा आलेला साहेब तर एकदा विचारूनच बसला, "काका, हे असलं नाव कोणी ठेवलं हो तुमचं?" उकंडरावांना तेवढंच निमित्त हवं होतं. मागं रांग खोळंबलेली, खिडकीवर कोपर टेकलेलं, आणि यांची कथा सुरू.

"साहेब, माह्या आधी मायचे पाच लेकरं गेले. एकही बारशापर्यंत टिकलं नाही. सहावा मी झालो, तं आजीनं मले सुपात घातलं अन् नेऊन ठेवलं उकिरड्यावर!"

साहेबाचे डोळे मोठे झाले, की उकंडराव खुलत. ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथं हे करायची रीतच होती. सुपातलं लेकरू उकिरड्यावर ठेवायचं. शेजारची एखादी बाई वाटेनं चालल्यासारखी यायची, "अगं बाई, कोणाचं हे टाकलेलं?" म्हणून उचलायची, आणि आईनं तिला सूपभर कोंडा देऊन आपलंच लेकरू तिच्याकडून विकत घ्यायचं. काळ वरून बघत असतो ना, त्याला वाटावं की हे कचऱ्यातलं, कोंड्याच्या मोलाचं, हे नेऊन काय करायचं? त्या लेकराचं नाव मग उकंडा. काळाला फसवायची एवढी स्वस्त युक्ती दुसरी नसेल.

"अन् काळ फसला साहेब," उकंडराव छातीवर हात ठेवून म्हणत. "त्याच्या नाकावर टिच्चून शहात्तर पावसाळे काढले. उकिरड्यानं देल्लेला माणूस हाय मी."

कथेत पुढचं एक शेपूटही असे. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांची आई मंजुळाबाई कणकेचे दिवे घेऊन मागच्या दारानं उकिरड्याकडे जायची. उकिरड्यावर दिवाळीत दिवा सगळेच लावतात, पण गावात एक लावायची रीत. मंजुळाबाई पाच लावायची. लहानगा उकंडा मागं लागला तर वळून म्हणायची, "तू नको येऊ." ते दिवे आपल्या नावाचे, उकिरड्यानं आपल्याला परत दिलं त्याच्या उपकाराचे, हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. आईनं कधी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

मंजुळाबाईवर त्यांचा जीव होता. बायकोपेक्षा, लेकरांपेक्षा जास्त, आणि हे लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही. ती जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी नवं धान्य घरात आलं की पहिली मूठ तिच्या फोटोपुढं. त्यामुळं मुलगा अविनाश जेव्हा म्हणाला, "आबा, आजीचं स्मारक बांधू," तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

अविनाशचं मोताळ्याला खताचं दुकान. गावातले टवाळ म्हणत, "बाप उकिरड्याचा अन् पोरगा खताचा, धंदा घरातच राह्यला." अविनाश हसण्यावारी नेई, त्याला पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं होतं, आणि उभं राहणाऱ्याला सगळंच हसण्यावारी न्यावं लागतं. फ्लेक्स नको म्हणाला तो. फ्लेक्स चार महिन्यांत उन्हानं फाटतो, मग लोक त्याच्या गोठ्याला पाऊस अडवायच्या झडप्या करतात. आपण मलकापूरहून काळा ग्रॅनाइट आणू आणि त्यावर आजीचा अख्खा जीवनपट कोरून घेऊ.

जागा ठरली मागच्या अंगणातली. नवा रस्ता घरामागून गेला तेव्हापासून घराचं मागचं अंग पुढचं झालं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ओटा तिथंच होणार होता. गवंड्यानं पाया खणायला घेतला तर काळी भुसभुशीत माती संपेचना. कंबरभर गेला तरी मुरूम लागेना. "काका, काय होतं हो इथं?" त्यानं वैतागून विचारलं.

"आमचा उकिरडा," उकंडराव म्हणाले. त्या दिवशी त्यांनी गवंड्यालाही कथा सांगितली, शेपटासकट.

जीवनपट लिहायचं काम पायलकडं आलं. पायल अविनाशची लेक, मलकापूरच्या कॉलेजात इतिहास घेऊन शेवटच्या वर्षाला. तिनं बैठकीच्या भिंतीवर एक मोठा पांढरा कागद चिकटवला आणि मधोमध रेघ ओढली. रेघेच्या डावीकडं देशात, मुलखात काय घडलं ते. उजवीकडं मंजुळाबाई.

"पणजीले तारखा नव्हत्या आबा," ती म्हणाली. "पण तिले आठवणी होत्या ना. कोणत्या वर्षी काय झालं ते तुम्ही सांगा, साल मी काढते."

आणि खरंच निघू लागलं. मंजुळाबाई म्हणायची, मी मानमोडीत झाली, माणसं तिरडीला मिळत नव्हती तेव्हा. पायलनं डावीकडं लिहिलं, १९१८, तापाची साथ. उजवीकडं, जन्म. मंजुळाबाई म्हणायची, माझं लग्न सरकारच्या भीतीनं झालं, एका मांडवात चार नवऱ्या आणि सगळ्यात लहान मी. हे उकंडरावांना नेहमी गमतीचं वाटे, सरकारला कसली आलीय मंजुळाच्या लग्नाची पडलेली? पायल मात्र उडालीच. चौदा वर्षांखालच्या पोरींची लग्नं बंद करायचा कायदा १९३० च्या एप्रिलपासून लागू होणार होता, आणि त्याच्या आधी लोकांनी पोरी घाईघाईनं उजवून टाकल्या. "आबा, अकरा वर्षांची होती ती!"

 आईला अकरा वर्षांची उकंडरावांनी कधी कल्पनेतही पाहिली नव्हती.

पण मौजही होती. स्वतःचा जन्म गांधीबाबा गेले त्या वर्षीच्या पोळ्याचा, हे त्यांना ठाऊक होतं. त्यानंतर पंधरवड्याच्या आत पलीकडं निजामाच्या मोगलाईत हिंदुस्थानची फौज शिरली, हे पायलनं सांगितल्यावर फौज जणू आपल्याच सुरक्षेला आली होती असं त्यांनी गावभर सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात मंजुळाबाईनं ज्या रस्त्यावर खडी फोडली, रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन, त्याच रस्त्यावरून आज अविनाशची गाडी जात होती. आणि सगळ्यात लाडकी गोष्ट पहिल्या मतदानाची. धाकटी बहीण कलाबाई तेव्हा काही महिन्यांची. मंजुळाबाई तिला कमरेला बांधून मत द्यायला गेली. आतला मास्तर म्हणाला, "बाई, पोरीला खाली ठेवा आणि शाईला बोट पुढं करा." मंजुळाबाई म्हणाली, "नाही ठेवत." मास्तर चिडला, मागच्या बाया हसल्या, पण ती काही केल्या ठेवेना. शेवटी त्यानंच मतपत्रिका हातात आणून दिली.

"वर्षभर तिनं कलीले जमिनीले टेकू देल्लं नाही," उकंडराव हसत म्हणाले. "वेचणीले तसंच, दळाले तसंच. गाव म्हणे, मंजुळाची पोट्टी म्हणजे कमरेची गाठ. अन् मी, तिच्याएवढा असताना, रांगून रांगून माती खाल्ली!"

पायलनं ते सगळं उजवीकडं लिहून घेतलं. मग १९३० आणि १९४८ यांच्या मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "आता हे पाच जण."

त्यांच्याही खुणा मंजुळाबाईनं ठेवल्या होत्या. पहिलं लेकरू सासरा इंग्रजांच्या राज्यात पटका बांधून पहिल्यांदा मत द्यायला गेला त्या वर्षीचं. दुसरं लढाईची बातमी आली त्या सालचं. एक रॉकेल मिळेना तेव्हाचं, एक सरकारनं ज्वारी उचलून नेली तेव्हाचं. शेवटचं लढाई संपल्यानंतरच्या थंडीतलं. पाची सालं निघाली. पायलनं समोर लिहायला पेन टेकवलं.

"कशानं गेले?"

"पटकीनं. माय तेच म्हणे. हगवण लागली अन् गेले."

"पाची?"

"पाची."

पायलनं लिहिलं नाही. मोबाइलवर काहीतरी पाहिलं, मग आणखी काहीतरी. "आबा, पटकी गावात आली का घरंच्या घरं बसतात. या पाची सालांत तं आपल्या घरातलं दुसरं कोणीच नाही गेलं. तुमची आजी नव्वदीची होऊन गेली ना? तुमचे बाबा, काका, सगळे धडधाकट. पाच वेळा पटकी आली अन् पाची वेळा फक्त पाळण्यातलंच नेलं?"

"लेकरं नाजूक असतात बाई."

"मग तुम्ही? कला आत्याआजी? तुम्ही झाल्यावर पटकी काऊन थांबली?"

"मले उकिरड्यावर ठेवलं ना!" उकंडराव तडकले. हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, कारण त्याचं उत्तर तर त्यांचं नावच होतं.  पायलनं हळूच विचारलं, "ते पाच जण पोरं होते का पोरी?"

 शहात्तर वर्षं उकंडराव 'लेकरं' म्हणत आले होते. आई लेकरंच म्हणायची.

"कलीले विचार," ते म्हणाले आणि उठून शेतावर गेले. त्या दिवशी कपाशीत काहीही काम नव्हतं.

कलाबाई दुसरबीडला दिलेली. दरवर्षी भाऊबिजेला येई, यंदा पायलच्या फोनवरून लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच निघाली. दुसरबीडहून चिखली, चिखलीहून बुलढाणा, बुलढाण्याहून मोताळा, सगळं अर्ध्या तिकिटात. त्र्याहत्तर वर्षांची बाई, हातात पिशवी, पिशवीत भावासाठी अनारसे. दुपारी पोचली ती दारातूनच म्हणाली, "दादा, तुही पायल लई विचारते बाबा."

जेवणं झाली. सून रुपालीनं पूजेची मांडामांड सुरू केली. अविनाश ओट्यावर उभा राहून मलकापूरच्या कोरीवकामवाल्याशी फोनवर बोलत होता. मजकूर आज दिवे लागायच्या आत पाठवा, पाडव्याच्या मुहूर्तावर कोरायला घेतो, असं तो म्हणत होता. आत येऊन अविनाशनं आपणच लिहिलेली ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. "पाच अपत्ये काळाने हिरावली, तरी जिने धीर सोडला नाही, अशी ही वीरमाता." मग म्हणाला, "आत्या, पडदा तुमच्या हातानं सरकवायचा हाय."

कलाबाईनं हातातली सुपारी खाली ठेवली. "मी नाही सरकवत," ती म्हणाली.

"काऊन बरं?"

"तू जरा बाहीर जा अविनाश. पायल राहू दे."

अविनाश बापाकडं पाहून बाहेर गेला. कलाबाई भिंतीवरच्या कागदापुढं जाऊन उभी राहिली. तिला अक्षरओळख बेताची, पण पाच कोऱ्या जागा वाचायला अक्षरं लागत नाहीत.

"दादा, त्या पोट्ट्या होत्या," ती म्हणाली. "पाची."

उकंडरावांनी मान हलवली. हे त्यांना दोन दिवसांपासून कळल्यासारखंच होतं. "पटकीनं..."

"पटकी नव्हती. आजीचा नेम होता घरात, पहिला पोरगा पाहिजे, मग पोरी. पहिल्या पोट्टीले आजीनं टोपल्यात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. सांजच्याले ठेवलं अन् सकाळी खत लोटलं."

बाहेर अविनाश गवंड्याला कशावरून तरी ओरडत होता. ते सगळं इतकं रोजच्यासारखं होतं की उकंडरावांना वाटलं, आपण ऐकलंच नाही.

"बापू?" त्यांनी विचारलं. बापू म्हणजे त्यांचे वडील.

"बापू शेतावर जाऊन निजत. पोट्टी झाली असं समजलं का जात." कलाबाईचा आवाज कुठं चढला नाही, उतरला नाही. "पहिलीच्या वेळी आजीनं तिले नागडीच नेलं होतं. म्हून दुसरीपासून माय स्वताच न्यायची. म्हणे, माह्या हातानं नेली तं कपड्यात गुंडाळून नेता येते. पाचवी थंडीत झाली. तिच्यावर मायनं आपलं लुगडं फाडून टाकलं. ते पोट्टी लई वेळ रडत राह्यली दादा. माय मागच्या दाराले पाठ लावून बसली होती. आजी आतून म्हणे, उठून गेलीस तं तूही तिकडंच राहा."

"खोटं!" उकंडराव एवढ्या जोरानं ओरडले की रुपाली हातातलं ताट घेऊन दारात आली आणि तशीच परत गेली. "खोटं बोलून राह्यली तू! माह्या मायनं असं... माह्या मायनं मुंगी मारली नाही कधी! तुले ती बरी नाही वाटली कधी, म्हून तू..."

"मले?" कलाबाई म्हणाली. "मले तिनं वर्षभर जमिनीवर ठेवली नाही. काऊन, ते तुले माहीत हाय का?"

उकंडरावांचा हात हवेतच राहिला. मतदानाच्या दिवशीचा चिडलेला मास्तर, हसणाऱ्या बाया, कमरेची गाठ. सगळ्या गावाला हसवलेली ती गोष्ट. पायल भिंतीला टेकून तोंडावर ओढणी धरून उभी होती.

"आजीनं सांगतलं होतं तिले, आता उकंडा हाय, आता पोट्टी राहू दे. तरी मायचा भरोसा नव्हता. खाली ठेवली अन् कोणी उचलून नेली तं? तू होता म्हून मी राह्यली दादा. तुही वाट पाहून त्या गेल्या, अन् तू आला म्हून मी राह्यली. मायनं मले माह्या पहिल्या बाळंतपणात सांगतलं. मले पोट्टीच झाली होती ना. म्हणे, कला, इले कोणाच्या हाती देऊ नको. सासूच्याही नाही, माह्याही नाही."

"मले काऊन नाही सांगतलं?" उकंडरावांचा आवाज लहान पोरासारखा आला.

"तुले काय सांगणार? तू नावाची गोष्ट सांगत गावभर फिरे. ती ऐकून माय उठून आत जाई, ते तुले दिसलं नाही कधी."

दिसलं होतं. आता दिसलं. पाहुण्यांसमोर कथा रंगात आली की आई पाणी आणायला उठे, चुलीत लाकूड सारायला उठे. त्यांना वाटे, गेलेल्या लेकरांच्या आठवणीनं माउलीचं मन भरून येत असेल. अर्धं खरं होतं ते. अर्धं खरं हे सगळ्यात वाईट, ते माणसाला आयुष्यभर पुरतं.

"अन् मले?" त्यांनी विचारलं. "मले त्याच जागी?"

"त्याच जागी. गावाले माहीत होतं पाच गेले म्हून. कशानं गेले, तेही चार घरांले माहीत होतं, पण बोलणार कोण? मग पोरगा झाला तं आजीले लोकलाजेस्तव रीत कराच लागली. शेजारच्या पुतळाबाईले आधीच गोठ्याजवळ उभी केली होती. सूप टेकलं का तिनं उचललं. माय म्हणे, ते सूप टेकलं तेव्हा माह्या जिवाचं पाणी झालं, कारण जागा तेच होती."

उकंडराव उठले. मागच्या दाराकडं, म्हणजे आताच्या पुढच्या दाराकडं चालत गेले. उंबऱ्यावर थांबले. याच दाराला पाठ लावून बसली असणार. दार तेव्हाचंच होतं, अविनाशनं फक्त वरून रंग दिला होता. त्यांनी लाकडावर तळहात टेकवला आणि त्यांना एकदम तिचा राग आला, इतका की दात आवळले गेले. का नाही उठली? एक दार, चार पावलं अंगण. मुंगी न मारणारी बाई! आणि रागाच्या पाठोपाठ ती अकरा वर्षांची नवरी आठवली, चार नवऱ्यांत सगळ्यात लहान, आणि रागाला कुठं जावं ते समजेना. तो तिथंच घुटमळत राहिला. शहात्तर वर्षांच्या माणसाला आई गेल्याचं दुःख दुसऱ्यांदा झालं, आणि या वेळी तिला पोचवायला खांदेकरीही नव्हते.

ओट्यावर जाऊन ते बसले. गिलावा अजून ओला होता. खाली कंबरभर काळी माती, वर सिमेंट. वर्षानुवर्षं हेच खत गाड्या भरभरून शेतात गेलं होतं, आणि त्या शेताच्या ज्वारीवर ते वाढले होते. तो विचार त्यांनी पुरा केला नाही.

दिवेलागण झाली. रुपालीनं रांगोळीच्या कडेनं पणत्या मांडल्या, शेजारी फटाके वाजू लागले. कलाबाई परातीत कणकेचे पाच दिवे घेऊन आली. दादाच्या शेजारी क्षणभर उभी राहिली.

"मायनं मरताना सांगतलं, माह्या नावानं काही लावू नको, त्यायच्या नावानं लाव. मी दुसरबीडले आमच्या उकिरड्यावर लावते दरसाल. माह्या घरचे विचारतात पाच कायले. मी म्हणते, आमच्याकडची रीत हाय."

"माह्या नावाचे समजत होतो मी," उकंडराव म्हणाले.  कलाबाईनं दिवे ओट्यावर एका ओळीत मांडले. उकंडरावांना वाटलं, आता ती 'तू नको येऊ' म्हणेल. तिनं वाती पेटवायला काडेपेटी त्यांच्या हातात दिली. दोन काड्या विझल्या, मग पाची दिवे लागले.

अविनाश फोन घेऊन आला. "आबा, मलकापूरवाल्याचे तीन फोन येऊन गेले. पायल, झालं का ते? पाठव लवकर."

पायल घरातून कागद काढून घेऊन आली होती. चिकटपट्टीचे तुकडे कोपऱ्यांना तसेच लोंबत होते. तिचे डोळे सुजले होते. "आबा," ती म्हणाली, "त्या पाच सालांपुढं काय लिहू? पटकी लिहू का?"

 उकंडरावांना सोपं होतं. पटकी हा तीन अक्षरी शब्द, त्यात आई, आजी, बापू, सगळे सुखरूप राहत होते. ते स्वतः राहत होते. उद्या बँकेतल्या साहेबाला सांगायला कथा राहत होती.

"पटकी नको लिहू," ते म्हणाले. "पहिल्या सालापुढं लिही. पोट्टी झाली. उकिरड्यावर ठेवली."

"काय?" अविनाश दोन पावलं पुढं आला. "काय लिहून राह्यले तुम्ही आबा? काय भानगड हाय ही?"

"आत्या सांगन तुले. लिही पायल. दुसरीपुढं तेच लिही."

कलाबाईनं अविनाशला बाजूला घेतलं आणि चार वाक्यांत सांगितलं. अविनाशचा चेहरा पणत्यांच्या उजेडातही पांढरा पडलेला दिसला. तो परत आला तो हळू आवाजात, जवळजवळ विनवत. "आबा, जे झालं ते झालं. आता कोण उरलं हाय? हे दगडावर कोरलं तं आपल्याले गावात तोंड दाखवाले जागा राहणार नाही. आजीचं स्मारक हाय हे. तुम्हीच तिची बदनामी करता?"

"तिची बदनामी व्हत असन तं होऊ दे," उकंडराव म्हणाले. "तिनं केलं ते केलं. अन् तिनं त्यायच्यासाठी मरेपर्यंत दिवे लावले, तेही केलं. दोन्ही लिहा. नाही तं दगड आणू नको. रिकामा ओटा राहू दे, माह्या मरणापर्यंत मी इथं दिवे लावीन."

अविनाश ओट्याकडं, दिव्यांकडं, हातातल्या फोनकडं पाहत राहिला. फोन पुन्हा वाजला. त्यानं तो कापला आणि खिशात घातला, आणि ओट्याच्या कडेला बापापासून थोडा दूर बसला. पुढं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं, आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

पायलनं कागद ओट्यावर पसरला आणि दिव्यांच्या उजेडात वाकून लिहू लागली. पोट्टी झाली, उकिरड्यावर ठेवली. पाच वेळा तेच लिहिताना तिचं अक्षर वाकडं होत गेलं. कलाबाई तिच्या मागं उभी राहून, नीट वाचता येत नसलं तरी, एकेक ओळ बघत होती. पाचवी ओळ संपली. खाली १९४८, गांधीबाबा गेले, मोगलाईत फौज शिरली, पोळा. पायलनं त्यापुढं आधीच मोठ्या कौतुकानं लिहून ठेवलं होतं, 'उकंडरावांचा जन्म'. ते तिनं खोडलं आणि वर पाहिलं.

"तुमच्यापुढं काय लिहू आबा?"

उकंडरावांनी ओट्याच्या ओल्या सिमेंटवर तळहात टेकवला.

"पोरगा झाला," ते म्हणाले. "उकिरड्यावर ठेवला. अन् उचलला."